हौस आणि तालीम : गल्लीतल्या वाद्यवृंदाविषयी काही विचार



निवृत्त प्राध्यापकाला व्याख्यानाला बोलावलं की तो जुन्या वह्या काढतो, अशी एक समजूत आहे. ती बहुतेक वेळा खरीही असते. आज मात्र वह्या घरी ठेवून आलो आहोत. चाळीस वर्षं ज्या विषयावर वर्गात बोललो तो विषय निवृत्तीनंतर अंगावर आला, त्याची हकिगत सांगायची आहे. इथे उभा एकटाच माणूस आहे, पण बोलणं सतरा जणांचं आहे, म्हणून आज तोंडात 'आम्ही'च येणार. ते राजेशाही 'आम्ही' नव्हे, एवढं ध्यानात घ्यावं. (हशा)

आमच्या कोथरूडच्या भागात चार वर्षांपूर्वी आम्ही एक वाद्यवृंद सुरू केला. तीन पेट्या, चार बासऱ्या, दोन व्हायोलिनं, एक मेंडोलिन, एक माउथ ऑर्गन, एक क्लॅरिनेट, दोन तबले, एक ढोलकी आणि दोन टाळ. मोजून सतरा. सगळ्यात धाकटी बासरीवाली नववीतली, सगळ्यात थोरले क्लॅरिनेटवाले चौऱ्याहत्तर वर्षांचे. रविवारी सकाळी दहा ते बारा, इमारतीच्या वाहनतळात. एकालाही वाजवण्याचे पैसे मिळत नाहीत, आणि खरं सांगायचं तर कुणी देऊही नयेत असंच आमचं वादन आहे. (हशा)

पहिल्याच महिन्यात एका स्नेह्यांनी विचारलं, "सर, उत्तम वादन ऐकायला आता खिशातला फोन पुरतो. मग हे वाईट वादन कशासाठी?" प्रश्न खोचक होता, पण खोटा नव्हता. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

शब्दांपासून सुरुवात करू. 'हौस' हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. मुळात 'हवस'. हिंदीत त्याच शब्दाला लालसेचा वास लागला. मराठीने मात्र त्याला घरात घेऊन न्हाऊमाखू घातलं आणि त्याची हौस झाली. नातवाची हौस, बागेची हौस, वाजवण्याची हौस. इतका निर्मळ शब्द! पण त्याचं विशेषण केलं की सूर बदलतो. 'हौशी कलाकार' म्हणताना आपण आवाज थोडा खाली आणतो, जणू आधीच माफी मागून ठेवतो. जत्रेतली तीन प्रकारची माणसं आपल्याकडे सांगतात : हौशे, नवशे, गवशे. नवशाला देवाकडून काही हवं असतं, गवशाला गर्दीतून काही हाती लागायला हवं असतं. हौशाचं मागणं काय? काहीच नाही, तो जत्रेसाठीच आलेला असतो. म्हणजे जत्रेचा खरा मालक तोच, आणि तरी गंभीरपणे कुणी घेत नाही तेही त्यालाच.

दुसरा शब्द 'तालीम'. मूळ अर्थ शिकवण. मराठीत त्याची दोन घरं झाली. एका घरात लाल माती आहे, दुसऱ्या घरात नाटकाची रंगीत तालीम आहे. दोन्हीकडे एक गोष्ट समान आहे : तिथे प्रेक्षक नसतो. पडणं, चुकणं, परत उठणं यांसाठी राखून ठेवलेली ती जागा आहे. आमचं म्हणणं थोडक्यात असं की हौशी संगीताचा प्राण तालमीत आहे, कार्यक्रमात नाही. आणि आपल्या आजच्या बहुतेक हौशी संगीताने तालीम गमावली आहे, केवळ कार्यक्रम उरला आहे.

आता थोडं तत्त्वज्ञान. घाबरू नका, थोडंच आहे.

ॲरिस्टॉटलने 'पॉलिटिक्स'च्या आठव्या पुस्तकात नेमका हा प्रश्न घेतला आहे. स्वतंत्र नागरिकाने स्वतः वाजवायला शिकावं, की दुसऱ्याचं ऐकून आनंद घ्यावा? तो म्हणतो, शिकावं. कारण ज्याने स्वतः कधी हात घातलेला नाही त्याला चांगल्या-वाईटाची पारख नीट येत नाही. पण स्पर्धा जिंकण्याइतकं कौशल्य मिळवू नये. ते धंदेवाईकांचं काम, आणि धंदेवाईकांकडे त्या काळचा हा उच्चभ्रू माणूस खालच्या नजरेने बघतो. ती तुच्छता आपण सोडून देऊ. पण पुढे तो आणखी एक गोष्ट सांगतो : तरुणपणी वाजवावं, वय झालं की वाजवणं सोडावं आणि पारखी म्हणून बसावं.

आपल्याकडे पं. विष्णु दिगंबर पलुसकरांबद्दल असंच काहीसं सांगतात. 1901 साली लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. सगळे तानसेन होणार नाहीत, पण कानसेन तरी घडावेत, ही त्यांची भूमिका म्हणून प्रसिद्ध आहे. ती भूमिका थोर होती आणि तिने महाराष्ट्राला जाणता श्रोता दिला. आज गावोगावच्या मैफलींत योग्य जागी मान डोलते, ती त्या पिढीची पुण्याई.

आम्ही या दोघांपुढे नम्र आहोत, पण सहमत नाही. या भूमिकेत स्वतः वाजवणं हे साधन ठरतं आणि पारख हे साध्य. शिडी चढून झाली की बाजूला ठेवायची. वय झालेल्याने खुर्चीत बसून मान डोलवायची. आम्ही सत्तरीत आहोत आणि मान डोलवून डोलवून आता मणक्याचे डॉक्टर गाठावे लागतात. (हशा) विनोद सोडा. पण खुर्चीत बसून जे कळतं आणि पेटीचा भाता हलवताना जे कळतं, ते एकच ज्ञान नव्हे. दुसऱ्याची जागा पहिलं कधीच घेऊ शकत नाही.

ते का, हे आल्फ्रेड शुट्झ या विचारवंताने फार चांगलं दाखवलं. व्हिएन्नाचा हा माणूस दिवसा बँकेशी संबंधित नोकरी करायचा आणि रात्री तत्त्वज्ञान लिहायचा. म्हणजे बराच काळ तत्त्वज्ञानात हौशीच! 1951 साली त्याने एकत्र संगीत करण्यावर एक निबंध लिहिला. त्याचं सार आमच्या भाषेत असं : घड्याळाचा काळ सगळ्यांना सारखाच असतो, पण मनातला काळ ज्याचा त्याचा वेगळा. दोन माणसं एकत्र वाजवतात तेव्हा एकाच्या मनातला काळ दुसऱ्याच्या मनातल्या काळाशी जुळतो. दोघं एकत्र म्हातारे होतात म्हणा ना, तेवढ्या पाच मिनिटांपुरते. शब्दांची देवघेव व्हायच्याही आधीचं हे जुळणं आहे, आणि माणसामाणसांतला सगळा संवाद त्याच्यावर उभा असतो.

हे एकदा ध्यानात आलं की आसपासच्या हौशी संगीताकडे नव्या नजरेने पाहता येतं. आम्ही दोन उदाहरणं घेतो.

पहिलं कराओके. गावोगाव ज्येष्ठांचे कराओके गट निघालेत. त्यात जाणारे आमचे मित्र आहेत, त्यांच्या आनंदाला आम्ही नाव ठेवणार नाही. घरात एकट्या पडलेल्या माणसाला आठवड्यातून एकदा इस्त्रीचे कपडे घालून बाहेर पडावंसं वाटतं, हे लहान काम नव्हे. पण तिथे संगीत कुणाबरोबर होतं? यंत्राबरोबर. तुमचा श्वास अपुरा पडला, यंत्र थांबत नाही. तुम्हाला एखादी जागा आवडली, तिथे रेंगाळावंसं वाटलं, यंत्र रेंगाळत नाही. तबलजी असता तर त्याने तुमच्या तोंडाकडे पाहून हात आवरता घेतला असता. आणि बाकीचे काय करतात? आपापल्या पाळीची वाट पाहतात. वीस माणसं एका खोलीत एकेकटी गातात. शुट्झच्या अर्थाने पाहिलं, तर तिथे कुणाचा काळ कुणाशी जुळत नाही.

दुसरं उदाहरण अधिक अवघड, कारण ते आमच्या पुण्याच्या अभिमानाचं आहे : ढोल-ताशा पथक. आता बघा, गल्लीतल्या लोकांनी एकत्र येऊन वाजवणं याचं महाराष्ट्रातलं आजचं सगळ्यांत जिवंत रूप हेच. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने नदीकाठी पत्र्याच्या आडोशाला सराव सुरू होतो. दिवसभर संगणकापुढे बसलेली मुलं-मुली संध्याकाळी ढोलाची दोरी ताणतात, एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, ताशाच्या इशाऱ्यावर शंभर हात एका क्षणी खाली येतात. ज्याने ते आतून अनुभवलं त्याला शुट्झ वाचायची गरज नाही. इथे तालीम आहे, शिस्त आहे, आणि मुली बरोबरीने आहेत. हे सगळं मान्य.

आमचा आक्षेप संख्येवर आहे. पथकाची थोरवी आता किती ढोल यावर मोजली जाते. 2024 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एका पथकात तीसच्या वर माणसं नकोत असं बंधन घातलं, आणि सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्या वादात दोन्ही बाजूंनी भरपूर बोललं गेलं, आवाजावर, परंपरेवर, श्रद्धेवर. संगीतावर मात्र फारसं कुणी बोललं नाही. कायद्याने निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. ती महत्त्वाची आहेच, आमच्या इमारतीत दहावीचा मुलगा असला की आम्हीही तालीम आवरती घेतो. पण आमचा प्रश्न वेगळा आहे. दोनशे ढोलांत एकाने हात थांबवला तर ते कुणाला कळतं का? शेजारच्याला तरी कळतं का? जिथे माझं थांबणं कुणाला ऐकू जात नाही, तिथे माझं वाजवणं तरी कुणी ऐकलं होतं का?

याच्या शेजारी वारीतली दिंडी ठेवून बघा. तिथेही माणसं पुष्कळ, टाळही पुष्कळ. पण वीणेकरी मधे, पखवाज जवळ, टाळकरी समोरासमोरच्या रांगांत. माणूस समोरच्या माणसाकडे तोंड करून वाजवतो, रस्त्यावरच्या बघ्याकडे नाही. प्रवेशपरीक्षा नसते, तरी पावली चुकली की शेजारचा डोळ्यानेच सांगतो. बघे असतात, पण ते असोत-नसोत, दिंडीचं काही अडत नाही. हौशी वाद्यवृंदाचा नमुना आम्हाला तिथे दिसला.

आता शास्त्राकडे वळू, कारण आमची चूक शास्त्राने पकडली.

वृंद ही कल्पना परकीय बँडवरून आपण घेतली, असा एक समज आहे. वाद्यं आणि गणवेश घेतले, हे खरं. पण वृंदाचा विचार आपल्याकडे जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वादकांच्या समूहाला 'कुतप' म्हटलं आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, म्हणजे आपल्याच मराठी मुलखात, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाला शार्ङ्गदेव होता. त्याच्या 'संगीतरत्नाकरा'त वृंदाचे उत्तम, मध्यम, कनिष्ठ असे प्रकार आहेत आणि वृंदाचे सहा गुण सांगितले आहेत. मुख्याच्या मागोमाग जाणं, एकमेकांत मिसळणं, ताल धरून चालणं, तिन्ही स्थानांत पोहोचण्याची ताकद, आवाजांचा सारखेपणा. हे पाच झाले. आणि सहावा, बरं का मंडळी, असा : एकाचं जिथे तुटेल तिथे दुसऱ्याने ते सांभाळून न्यायचं. परस्परांच्या तुटीचा निर्वाह.

याचा अर्थ नीट पाहा. सातशे-आठशे वर्षांपूर्वीचा हा शास्त्रकार गृहीत धरतो की वृंदात तुटणार. कुणाचा तरी श्वास संपणार, कुणाचं बोट घसरणार. तुटणं हा त्याने दोष म्हणून मांडलेला नाही, सांभाळणं हा गुण म्हणून मांडला आहे. हे आम्ही वर्गात कित्येकदा शिकवलं होतं. आणि तरीही पुढे सांगतो ते केलं.

दुसऱ्या वर्षी एका संस्थेच्या वर्धापनदिनी आम्हाला वाजवायला बोलावलं. पहिलंच निमंत्रण! चार रचना बसवल्या, भूप आणि दुर्गा धरून, कारण पाच सुरांत चुकायला जागा कमी. आणि तालमीत दिसू लागलं की क्लॅरिनेट चुकतं आहे. एक-दोनदा नव्हे, पुन्हापुन्हा. हे गृहस्थ शाळेच्या बँडमध्ये वाजवायचे, मग नोकरी-संसारात वाद्याची पेटी चाळीसएक वर्षं माळ्यावर. आमच्यासाठी त्यांनी ती खाली काढली होती, नवी रीड आणली होती. कार्यक्रमाला आठ दिवस असताना आम्ही दोघा-तिघांनी बाजूला बसून ठरवलं, आणि त्यांना सांगायचं काम आमच्याकडे आलं. प्राध्यापकाला गोड बोलता येतं ना! आम्ही म्हणालो, "काका, तुम्ही मंचावर हवेतच. वाद्य ओठांना लावून बसा. फक्त फुंकू नका."

ते 'बरं' म्हणाले. कार्यक्रमाला पांढरा सदरा घालून आले, ओठांना वाद्य लावून चारही रचनांना बोटं हलवत बसले. टाळ्या झाल्या. खाली उतरल्यावर त्यांच्या नातीने विचारलं, "आजोबा, त्यात तुमचा आवाज कुठला होता?" आम्ही दोन हातांवर उभे होतो. पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

आम्ही आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलं. माणसाला साधन म्हणून वापरू नये, हे कांटचं म्हणणं फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! आणि एका माणसाला आम्ही शोभेची वस्तू म्हणून मंचावर बसवलं. त्यांना घरी बसा म्हटलं असतं तर ते कठोर झालं असतं, पण खोटं झालं नसतं. आमचा गोडवा अधिक वाईट होता.

आणखी एक गोष्ट पुढे कळली, ती तर शरमेची. ते चुकत का होते? क्लॅरिनेट हे ज्या जातीचं त्यांच्याकडे होतं, त्याचा सोपा 'सा' काळी पाचला बोलतो. शाळेत ते त्याच पट्टीत शिकले, कानाने, लिपीशिवाय. आम्ही माउथ ऑर्गन आणि बासऱ्यांच्या सोयीसाठी वृंदाची पट्टी पांढरी एक धरली. म्हणजे या माणसाला प्रत्येक सूर एक पूर्ण स्वर सरकवून, नव्या बोटांनी वाजवावा लागत होता. पंधरा जणांना सोपं जावं म्हणून आम्ही एकाला अवघड केलं, आणि मग त्याला कच्चा ठरवलं. ज्याला आपण व्यक्तीचा दोष म्हणतो, तो कित्येकदा आपणच धरलेल्या पट्टीचा दोष असतो.

हे कळल्यावर आम्ही त्यांच्याकडे गेलो. चहा झाला. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही, ते अधिक लागलं. सात महिन्यांनी आले, एक अट घालून : "चुकलो तर तालमीत सगळ्यांसमोर सांगा. पण मंचावर बसवलंत, तर माझा आवाज निघणार." आता तोच आमचा पहिला नियम आहे, आणि लेखी असलेला एकमेव.

मग आम्ही काय केलं ते सांगतो, कारण इथे काही जण आपल्या गल्लीत असं काही सुरू करायच्या विचारात असतील. दोन रचनांची पट्टी काळी पाच केली. पेट्यांना अडचण नव्हती. बासरीवाल्यांनी त्या पट्टीच्या बासऱ्या घेतल्या. बासरी बदलता येते, चौऱ्याहत्तर वर्षांची बोटं सहजी बदलत नाहीत. माउथ ऑर्गनवाले त्या दोन रचनांत टाळ धरतात. उरलेल्या रचनांत क्लॅरिनेट सूर धरून राहतं. आपल्या सनईवादनात एक जण नुसता सूर देतो, एकही हरकत घेत नाही, पण तो थांबला तर मुख्य सनई उघडी पडते. श्वास पुरत नाही तिथे एक पेटी त्याच सुरावर येते, त्यांनी श्वास भरला की पेटी हटते. आता तुम्ही म्हणाल, न फुंकता बसवणं आणि एका सुरावर बसवणं यात फरक काय? फरक हा की ते थांबले तर आता ऐकू येतं.

यातून रचनेबद्दल एक धडा मिळाला. आपलं संगीत एकल कलावंताभोवती वाढलं. म्हणून आपण वृंद जमवला की सगळ्यांना एकच चाल वाजवायला देतो, आणि जो मागे पडतो तो उघडा पडतो. हौशी वृंदासाठी उलटं करायला हवं : आधी माणसं मोजा, मग रचना करा. मैहरला अल्लाउद्दीन खाँसाहेबांनी 1918च्या सुमारास साथीत अनाथ झालेली मुलं गोळा करून वृंद उभारला. त्यात बंदुकीच्या नळ्या कापून केलेलं नलतरंग आहे. हाताशी असलेली मुलं आणि हाताशी असलेलं लोखंड, यांतून संगीत! तिथे गुरू असामान्य होता, आमच्याकडे तसा कुणी नाही. पण रीत घेण्यासारखी आहे.

बाकी व्यवहार थोडाच. वार आणि वेळ पक्की ठेवा, चार जण आले तरी तालीम करा. पहिला अर्धा तास नुसते सूर जुळवण्यात जाऊ द्या, तो वाया जात नाही. शेजाऱ्यांना आधी सांगा. वर्षातून दोनच कार्यक्रम घ्या.

प्रश्नोत्तरांआधी एक चिठ्ठी आली आहे, ती इथेच घेतो. "याने वादनाचा दर्जा घसरत नाही का?" घसरतो. हे लपवण्यात अर्थ नाही. आमची दुसरी रचना अजूनही मध्यावर डगमगते, आणि ती डगमगू नये म्हणून आम्ही मनापासून कष्ट घेतो. 'हौशी आहोत' ही सबब तालमीत चालत नाही. काकांना आम्ही सगळ्यांसमोर चूक सांगतो, ते आम्हाला सांगतात, परवाच पेटीचा भाता फार घाईत मारतो म्हणून बोलणी खाल्ली. दर्जा वाढवायचा तो सतरा जणांसह. सोळांसह वाढवला तर तो दुसऱ्याच कुठल्या वृंदाचा दर्जा होईल.

त्या स्नेह्यांना, ज्यांनी फोनची गोष्ट काढली होती, एवढंच सांगतो : फोनवर फार सुंदर वाजतं, आम्हीही रोज ऐकतो. पण त्यात आम्ही चुकलो तर सांभाळून नेणारं कुणी नाही, आणि आम्ही कुणाला सांभाळावं अशीही सोय नाही. रविवारी दहाला या. दोन टाळ आहेत, तिसरा घेऊन ठेवला आहे.